निनावी अर्ज फाडू नका : सोलापूरच्या पतसंस्थांच्या चेअरमन-संचालकांना खुलं पत्र

मा. चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि समस्त संचालक मंडळ,
सोलापूर शहर अन जिल्ह्यातल्या सगळ्या पतसंस्था,

स.न.वि.वि.

३१ जुलैच्या आत ऑडिट, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, त्यामुळं सध्या तुमच्याकडं अहवाल छापायची गडबड चालू असणार. कव्हरवर चेअरमन साहेब, आत बाकीच्यांचे फोटो अन पहिल्याच पानावर जाड अक्षरात "सातत्याने ऑडिट वर्ग अ". मी संस्थांच्या अंतर्गत तपासणीचं काम करते. म्हणजे तुमच्या शाखेत कोपऱ्यातल्या टेबलावर व्हाउचरचे गठ्ठे घेऊन बसलेली बाई असते ना, जिला चहा दोनदा विचारतात पण कपाटाची किल्ली मागितली की "मॅनेजर साहेब जेवायला गेलेत" म्हणतात, ती मी. दोन संस्थांची सभासदही आहे, आईच्या ठेवी आहेत, त्यामुळं हे फक्त कामाचं बोलणं नाही, घरचाही जीव अडकलाय.

माझं म्हणणं एवढंच की संस्थेत कुणीतरी पैसा खातंय हे सगळ्यात आधी ऑडिटरला कळत नाही, सहकार खात्याच्या सहायक निबंधकांना कळत नाही, पोलिसांचा तर नंबर शेवटचा. ते कळतं शेजारच्या काउंटरवरच्या पोरीला, शिपायाला, दुसऱ्या शाखेतल्या क्लार्कला अन पासबुक घेऊन तिसऱ्यांदा चक्कर मारणाऱ्या आजीला. तुमच्यापर्यंत ते येत नाही कारण मधली वाट तुम्हीच बंद करून ठेवलीय, आणि ती उघडायला ना सॉफ्टवेअर लागतं ना शासनाची परवानगी.

हे माझं एकटीचं मत नाही. फ्रॉड शोधणाऱ्यांची एसीएफई नावाची जागतिक संघटना आहे, ती दर दोन वर्षांनी जगभरातल्या केसेस गोळा करून अहवाल काढते. २०२४ च्या अहवालात १३८ देशांतल्या १,९२१ केसेस होत्या, त्यातल्या ४३ टक्के कुणीतरी खबर दिली म्हणून बाहेर आल्या आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त त्याच संस्थेतले कर्मचारी होते. बाहेरच्या ऑडिटमुळं किती सापडल्या माहितीय? ३ टक्के. मी ऑडिटच्या धंद्यातली बाई हे लिहितेय म्हणजे बघा. ऑडिटर नमुन्याला व्हाउचर काढून बघतो, सही आहे का, ठराव आहे का, तारण आहे का, आणि पैसा खाणारा माणूस पहिलं काम काय करत असेल तर हे कागद टापटीप ठेवायचं. ज्यानं प्रामाणिकपणे काम केलंय त्याच्या फायलीत दोन कागद कमी सापडतात, पैसा खाणाऱ्याच्या फायलीत एकपण कमी नसतो.

पिग्मीपासून सुरू करते कारण सोलापुरात निम्म्या संस्था पिग्मीवर उभ्या आहेत. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं (तेव्हा नाव वेगळं होतं) १९२८ ला दारोदार जाऊन दिवसाला दोन आणे गोळा करायची ही योजना काढली आणि विडी कामगार बायका, यंत्रमागावरचे कामगार, मार्केट यार्डातले हमाल, भाजीवाल्या, चहाच्या गाड्या अशा आपल्या गावाला ती इतकी बसली की विचारू नका. पन्नास-शंभर रुपये रोज द्यायला कुणी बँकेत जात नाही, एजंट दारात येतो, घरच्यासारखा होतो, आणि नेमकं तिथंच कुणी बघत नाही.

एका संस्थेत, नाव लिहिणार नाही, मॅनेजरनं तपासायला म्हणून खात्यांची यादी तयारच ठेवली होती. ती बाजूला ठेवली अन मशीनमधून माझी मी खाती निवडली अन संध्याकाळी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत गेले. एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या, त्यांनी हात पुसून डब्यातलं पिग्मीचं कार्ड काढून दिलं. कार्डावर १८,४०० रुपये. माझ्याकडच्या प्रिंटवर त्याच खात्याला ११,९००. कार्डावरच्या नोंदी सुरुवातीला मशीनच्या पावतीच्या होत्या अन मग चार-पाच महिने नुसत्या निळ्या पेनाच्या. विचारलं तर म्हणाल्या, "मशीन बिघडलंय म्हणून अण्णा पेनानं लिवतो की ओ, लई चांगला हाय, पोरीच्या लग्नात आला होता." शेजारच्या घरात तेच पेन, तीच बिघडलेली मशीन. शाखेत परत आले तर त्या एजंटची मशीन टेबलावर चार्जिंगला लावलेली, ठणठणीत.

आता खरी गोष्ट पुढं आहे. कॅश काउंटरची मुलगी मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम मला कधीपासून माहीत होतं, बायका येऊन विचारायच्या ना माझा मेसेज का येत नाही म्हणून, मी मॅनेजर साहेबांना सांगितलं तर म्हणाले तू तुझी कॅश बघ, तो चेअरमनच्या घरातला माणूस आहे." म्हणजे शोध मी लावलाच नाही. शोध त्या मुलीनं केव्हाच लावला होता, मी फक्त प्रिंट काढून फिरले.

हे चालतं कसं ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. एजंट पन्नास घेतो अन तीसच भरतो, ज्याची मुदत संपली त्याला आज गोळा केलेल्या दुसऱ्यांच्या पैशातनं देतो, त्या दुसऱ्यांचं तिसऱ्यांच्या पैशातनं, असं भगदाड रोज पुढं सरकवत न्यायचं. एजंट आजारी पडला, अपघात झाला, किंवा संस्थेनं लाइन, म्हणजे त्याचा वसुलीचा भाग, बदलली की त्याच आठवड्यात सगळं उघडं पडतं. म्हणून लाइन बदलायची म्हटली की जो एजंट तीन-तीन संचालकांचे फोन आणतो त्याच्या खातेदारांची कार्डं आधी बघा.

बघायच्या गोष्टी काय अवघड नाहीत. एकच मोबाइल नंबर किती खात्यांना जोडलाय त्याची यादी काढा, सॉफ्टवेअरवाला दहा मिनिटात देतो, आणि चाळीस खात्यांना एकच नंबर निघाला अन तो एजंटचा स्वतःचा निघाला तर मेसेज कुणाला जात होते ते कळलं. दुसरं, रोजचं कलेक्शन तारखेनं मांडून बघा. खऱ्या माणसांचा पैसा वरखाली होतो, पगार झाला की वाढतो, पाऊस आला की पडतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, अक्षता सोहळ्याला निम्मं सोलापूर संमती कट्ट्याकडं गेलेलं असताना एखाद्या एजंटचं कलेक्शन नेहमीइतकंच, तेवढ्याच खात्यांचं, तेवढंच रुपयाला रुपया दिसत असेल तर ती यादी गल्लीत फिरून नाही, घरात पंख्याखाली बसून भरलेली आहे.

सोनेतारणाचं जास्त बोलत नाही, दर वर्षी राज्यात कुठं ना कुठं बातमी येतेच. पण एक सांगते. व्हॅल्युअर सराफाला, म्हणजे सोनं पारखून किंमत ठरवणाऱ्याला, तुम्ही प्रत्येक कर्जामागं कमिशन देता, म्हणजे नाही म्हटलं तर त्याला शून्य अन हो म्हटलं तर पैसे, आणि मग अपेक्षा करता की त्यानं नाही म्हणावं. वर तपासणी कशी, तर सील पिशवी वजनकाट्यावर ठेवायची, रजिस्टरशी वजन जुळलं, झालं. पिशवी उघडा की मालक. कसोटीच्या दगडावर फक्त वरचा थर उतरतो, कॅरेट मीटरसुद्धा वरवरचाच थर वाचतं, जाड मुलामा दिलेली बांगडी दोन्हीतून सुटते. साध्या पाण्यातल्या वजनानं बरंच कळतं, २२ कॅरेटची घनता साडेसतराच्या वर असते अन पितळाची साडेआठच्या आसपास, फक्त खडे-लाखेचे दागिने त्यात फसवतात, तिथं कानस लावावी लागते. अन दुसरा सराफ गावाबाहेरचा आणा, पंढरपूरचा आणा, बार्शीचा आणा, पण पहिल्याच्या दुकानाशेजारचा नको.

आणि दागिन्याआधी स्लिपा बघा. एका ठिकाणी वेगवेगळ्या आडनावाच्या नऊ कर्जदारांचं व्याज एकाच दिवशी, सगळं कॅश, सगळ्या स्लिपांवर अक्षर एकाच हाताचं. पाचाचा आकडा तसाच, शेपूट वर ओढलेली. हे ओळखायला सीए व्हायला लागत नाही. कॅशियरनं त्या नऊ स्लिपा हातात घेतल्या होत्या, शिक्का मारला होता, तिला काय दिसलं नसेल का? दिसलं असणारच, सांगायचं कुणाला?

आता तुमचे ते आदर्श कर्मचारी. सभेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार करता ना, "अमुक साहेबांनी इतक्या वर्षांत एकही रजा घेतली नाही". मला टाळ्या वाजवायच्या ऐवजी धडकीच भरते. पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण आठवा. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेत एकच अधिकारी सात-एक वर्षं त्याच कामावर बसला, परदेशी बँकांना हमीपत्रं स्विफ्टवरून (बँकांची आपसातली संदेश यंत्रणा) जात राहिली आणि बँकेच्या मुख्य सिस्टिममध्ये त्यांची नोंदच नाही. २०१७ ला तो रिटायर झाला. जानेवारी २०१८ मध्ये हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपन्यांची माणसं नेहमीसारखी हमीपत्र मागायला आली तर खुर्चीवर नवीन माणूस, त्यानं विचारलं की शंभर टक्के मार्जिन, म्हणजे हमीएवढी रोख आगाऊ, कुठाय, तर हे म्हणाले आधी कधी द्यावं लागलं नाही. त्यानं जुनं रेकॉर्ड बघितलं तर काहीच नाही. तेरा हजार कोटींच्या वरचं प्रकरण एका नव्या माणसाच्या साध्या प्रश्नानं फुटलं, मधल्या सात वर्षांत तिथं ऑडिट-तपासण्या काय थोड्या झाल्या असतील?

रिझर्व्ह बँकेनं त्याच्यासाठीच बँकांना सांगितलंय, २०२१ चं परिपत्रक आहे, संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, तेही आधी न सांगता, आणि त्या काळात त्याला सिस्टिमला हात लावू द्यायचा नाही. पतसंस्थेला असं कुणी सक्तीनं सांगत नाही म्हणून काय झालं, ठराव करायला कुणी अडवलंय? कॅशियर, सोनेतारणवाला, पासिंग अधिकारी अन हो, मॅनेजर सुद्धा. रजेत फोन करून "पासवर्ड काय आहे ओ साहेब" विचारायचं नाही, नाहीतर रजा घरून काम झाली.

पासवर्डवरून आठवलं, ह्या एका गोष्टीनं माझं डोकं फिरतं. मेकर-चेकर, म्हणजे एकानं एंट्री करायची अन दुसऱ्यानं पास करायची, म्हणून सॉफ्टवेअरला पैसे मोजता अन मॅनेजरचा पासवर्ड स्टाफमध्ये सगळ्यांना पाठ, बहुतेक वेळा पोराचं नाव अन जन्मसाल. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडं असाव्यात म्हणून दोन केल्या तर दोन्ही एकाच रिंगमध्ये, एकाच ड्रॉवरमध्ये. १९९५ मध्ये बेअरिंग्ज नावाची लंडनची दोनशे वर्षांहून जुनी बँक बुडाली ती याच्यानंच, सिंगापूरचा एक पोरगा सौदे पण करायचा अन त्याच सौद्यांचा हिशोब पण तोच ठेवायचा, शेवटी ती बँक एका पाउंडला विकली गेली. आपल्या शाखा काय त्याहून मोठ्या आहेत का?

ठेवींच्या पावत्यांचं पण तेच. तुमच्या संस्थेची गुंतवणूक दुसऱ्या बँकेत असते, ऑडिटला पावतीची झेरॉक्स दाखवता, शिक्का दिसतो, रक्कम दिसते. सत्यम ह्या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीत ७ जानेवारी २००९ ला चेअरमनचं पत्र आलं तेव्हा पाच हजार कोटींच्या वरचा बँकेतला पैसा मुळात नव्हताच असं निघालं, बँकांची पत्रं बनावट होती, ती कंपनीच्या हातून आली अन ऑडिटरनं ती मानली. म्हणून शिल्लक-दाखला बँकेकडून थेट मागवायचा, आपल्या माणसानं हातात आणून दिलेला नको. विषय संपला.

मार्च एंडचा विषय मात्र इतक्यात संपत नाही. २५ मार्च ते १० एप्रिल ह्या सतरा दिवसांची रोजकिर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) एखाद्या संचालकानं शांतपणे बसून वाचली ना, तर वर्षभराचं ऑडिट एकीकडं अन हे एकीकडं. ३१ मार्चला थकीत कर्ज भरलं, एन.पी.ए., म्हणजे थकलेल्या कर्जांचा आकडा, खाली आला, अहवालात आलेख चढला, आणि ४ एप्रिलला त्याच माणसाला किंवा त्याच्या भावजयीला तेवढंच कर्ज, वर व्याजाची रक्कम मिळवून. आपल्याकडं ह्याला नवं-जुनं म्हणतात अन हसून सोडून देतात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पी.एम.सी. बँकेत एकाच बांधकाम समूहाची बुडीत कर्जं लपवायला २१ हजारांच्या वर बनावट खाती तयार केली होती असं सप्टेंबर २०१९ नंतर बाहेर आलं, अन पहिल्या दिवशी ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातनं हजार रुपये काढायची मुभा मिळाली, हजार. सुरुवात कुठंतरी एका खात्याच्या नव्या-जुन्यानंच होते.

ठेवीदारांसाठी पण एक ओळ इथंच लिहून ठेवते, कारण काउंटरवर लोक बिनधास्त विचारतात "पाच लाखांपर्यंत सरकार देतं ना?" ते पाच लाखांचं विमा संरक्षण, ४ फेब्रुवारी २०२० पासून झालेलं, ते बँकांना आहे, नागरी सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. पतसंस्थेत पैसे बुडाले तर एम.पी.आय.डी. कायदा, ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा, १९९९ चा, त्याच्याखाली गुन्हा, मालमत्ता जप्त, कोर्ट, लिलाव, अन तोवर मूळ ठेवीदार आहे का नाही देव जाणे. तुमच्या काउंटरवरची माणसं ह्या प्रश्नावर गोलमाल हसतात, ते बंद करा.

मग आता खबर वर येणार कशी. लोक चोरी का करतात यावर क्रेसी म्हणून एका अमेरिकन अभ्यासकानं १९५० च्या दशकात मांडलेलं अजून सगळीकडं शिकवतात, की तीन गोष्टी जुळाव्या लागतात, कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी संधी, अन मनाची समजूत की मी चोर नाही, परत टाकणारच आहे. पहिली तुमच्या हातात नाही. दुसरी किल्ल्या-पासवर्ड-रजेनं कमी होते. तिसरी मात्र तुमच्यामुळं वाढते, कारण क्लार्क बघत असतो की संचालकाच्या जावयाचं कर्ज कुठल्या तारणावर झालं, मीटिंगचा भत्ता न येता कोण उचलतो, अन प्रोसिडिंग बुकात (मीटिंगच्या ठरावांच्या वहीत) मधली दोन पानं कोरी का सोडलेली असतात. मॅनेजर कागदांचा गठ्ठा घेऊन येतो, "सही करा मालक, नेहमीचंच हाय", चहा संपायच्या आत तीस सह्या. ज्याला हे दिसतं तो मनात म्हणतो साहेब लोक करतात ते चालतं, माझे चाळीस हजार काय जड झाले. हे वाचून राग येईल, येऊ द्या, महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली नुकसान वसूल होतं ते संचालकाच्या खिशातनं, सही कोऱ्या कागदावर केली होती ही काही सबब होत नाही.

तर वाट. निनावी अर्ज आला की आपल्याकडं एक ठरलेलं वाक्य आहे, "निनावी अर्जाची दखल घेता येत नाही", आणि अर्ज फाडला जातो किंवा त्याहून वाईट, ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हातात देतात, "बघा ओ कुणी लिहिलंय". मग तीन दिवस अख्खी शाखा अक्षर ओळखायच्या मागं, अर्जात लिहिलंय ते खरं का खोटं हे बघायला कुणीच नाही. मान्य आहे, निनावी अर्जात निम्मा कचरा असतो, कुणाचं प्रमोशन हुकलेलं असतं, कुणाचं भांडण. पण खातं नंबर लिहिलेला असेल, तारीख लिहिलेली असेल, रक्कम लिहिलेली असेल तर ते दहा मिनिटांत ताडून बघता येतं, नाव नसलं म्हणून आकडा खोटा होत नाही.

माझं मागणं असं आहे की निनावी अर्जसुद्धा बारनिशीला, म्हणजे आवक नोंदवहीला, चढवा, नंबर द्या. शाखेत तक्रारपेटी ठेवा पण तिची किल्ली मॅनेजरकडं नको, आणि पेटी कॅमेऱ्यासमोर टांगू नका, असल्या ठिकाणी चिठ्ठी कोण टाकणार? पेटी दर पंधरा दिवसांनी दोन संचालक अन एक बाहेरचा माणूस, रिटायर बँकवाला किंवा शिक्षक कुणीही, असे तिघांनी मिळून उघडा. एक फोन नंबर पासबुकच्या मागं छापा, मराठी, तेलुगू अन कन्नडमध्ये, कारण शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू आजीला मराठीतली सूचना वाचता येत नाही अन फसवणारा नेमका तिलाच निवडतो. ज्या कर्मचाऱ्यानं नावानिशी सांगितलं त्याची बदली, मेमो, वेतनवाढ रोखणं वर्षभर तरी मॅनेजरच्या सहीनं होणार नाही, मंडळाच्या ठरावानंच होईल, असं लिहून ठेवा. त्या कॅश काउंटरच्या मुलीची पुढं बदली झाली बरं का, लांबच्या शाखेत, "कामाची गरज" म्हणून. बाकी स्टाफनं त्यातून काय शिकायचं ते शिकला.

कायदा तिला वाचवेल म्हणाल तर तसं नाही. भ्रष्टाचाराची माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा केंद्राचा कायदा संसदेनं केला पण लागूच झाला नाही, अन तो सरकारी कामापुरताच आहे. कंपनी कायद्यात, २०१३ च्या, कलम १७७ खाली शेअर बाजारातल्या कंपन्यांना अन लोकांच्या ठेवी घेणाऱ्या कंपन्यांना तक्रारीची यंत्रणा ठेवावीच लागते, ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडं थेट जायची सोय द्यावी लागते. लोकांच्या ठेवी तुम्ही पण घेता. कंपनी नाही म्हणून सुटलात, एवढंच.

अन सापडल्यावर काय करायचं हे पण आधीच ठरवा कारण सापडल्यावर डोकं चालत नाही. आपल्याकडं कसं होतं, रात्री चेअरमनच्या बंगल्यावर त्याला बोलावतात, रडारड होते, सासऱ्याचा प्लॉट लिहून घेतात, "बाहेर कळू देऊ नका, ठेवीदार रांगा लावतील", आणि महिन्यानं राजीनामा घेऊन वर अनुभवाचा दाखला देतात, "वर्तणूक समाधानकारक". तोच माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत सोनेतारण बघतो. मी एकाच माणसाला दोन संस्थांत भेटलेय, दुसऱ्या ठिकाणी मला बघून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रांगेची भीती खोटी नाही हे मला कळतं, एका अफवेनं चांगली संस्था हलते. पण लपवलेलं फुटतंच, आणि फुटतं तेव्हा लोक म्हणतात ह्यांना आधीपासून माहीत होतं, मग रांग दुप्पट.

म्हणून बोलवायच्या आधी त्याचं लॉगिन बंद करा. सॉफ्टवेअरचा लॉग, कुणी कधी काय एंट्री केली तो, कॉपी करून बाहेर ठेवा. मूळ व्हाउचर अन स्लिपा सील करून दोन संचालकांच्या सहीनं ताब्यात घ्या, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वेगळं काढा, ते काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. कॅश त्याच क्षणी मोजा. मग बोला. सहकार कायद्याच्या कलम ८१ मध्ये ऑडिटरला अपहार दिसला तर निबंधकांना १५ दिवसांत विशेष अहवाल द्यायचाय अन त्यांच्या परवानगीनं गुन्हा पण नोंदवायचाय, तेव्हा ऑडिटरला "ह्या वर्षी एवढं सांभाळून घ्या" म्हणू नका, तुम्ही त्याला पण खड्ड्यात ओढताय.

सभासदांना पण दोन शब्द, कारण मंगल कार्यालयात विषय वाचायच्या आत मागून "मंजूर, मंजूर" ओरडणारे तुम्हीच असता अन मग पिशवी-डबा घ्यायला पळता. कलम ३२ खाली तुमच्या स्वतःच्या खात्याचा उतारा, मंडळाचं प्रोसिडिंग, ताळेबंद, हे ऑफिसच्या वेळेत फुकट बघायचा हक्क तुम्हाला आहे, "साहेबांना विचारून सांगतो" हे उत्तर कायद्यात नाही. आणि अहवालाच्या चकचकीत पानांपेक्षा दोष दुरुस्ती अहवाल मागा, ज्याला ओ फॉर्म म्हणतात. ऑडिटरनं काढलेले दोष अन संस्थेनं केलेली दुरुस्ती त्यात असते, आणि लागोपाठ तीन वर्षं एकाच दोषापुढं "यापुढे दक्षता घेऊ" असंच लिहिलेलं सापडलं तर ऑडिट वर्ग अ काय अन ब काय.

मी ज्या दोन संस्थांची सभासद आहे तिथं ह्या वर्षीच्या सभेसाठी लेखी विषय देतेय, ऐनवेळच्या विषयात ढकलू नये म्हणून आधीच. मागितलंय ते इतकंच : ओ फॉर्म सभेत वाचून दाखवा, सक्तीच्या रजेचा ठराव करा, सोनेतारणाच्या पिशव्या गावाबाहेरच्या सराफासमोर उघडा, अन वर्षभरात किती तक्रारी आल्या, त्यातल्या किती निनावी, प्रत्येकीचं पुढं काय केलं याचं एक पान अहवालात छापा. शून्य तक्रारी असं छापणार असाल तर पेटी कुठं टांगलीय ते पण सांगा. अर्ज घेऊन सोमवारी येते, पोच द्या, शिक्का अन बारनिशी नंबरसकट.

कळावे,
आपली,
एक ठेवीदार सभासद, सोलापूर